मॅडमना न दिलेला लिफाफा

मी, गणपत कुशाबा राऊळ, वय वर्षे एकोणसत्तर, निवृत्त प्रयोगशाळा परिचर, राहणार लालबाग, मुंबई, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण त्यांचा इथे संबंध नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही.

कलम १. लालबागची खोली, नवीन इमारतीत तिच्या बदल्यात जी मिळेल ती, आणि बँकेत जे असेल ते, माझा मुलगा सिद्धांत व मुलगी दर्शना यांना निम्मे-निम्मे. वाद झाला तर दोघांनी समोरासमोर बसून भांडावे. "दादाला सांग", "ताईला सांग" असे मधे माणूस घालून बोलू नये. मधल्या माणसाचे काय होते ते कलम ४ मध्ये वाचावे.

कलम २. झाडाच्या फांद्या कागदात दाबून सुकवायची सागवानी चौकट मी स्वतः बनवली आहे. ती नात जुई हिला. तिने त्यात काहीही दाबावे, पण भंगारात देऊ नये.

कलम ३. कॉलेजचे हेडक्लार्क अप्पा मोरजकर मला सगळ्यांसमोर "चहाडखोर" म्हणत. मी एकाची चुगली दुसऱ्याला करतो असा त्यांचा समज. त्यांना काही देत नाही. एक शिवी द्यायची होती, पण मृत्युपत्रात शिवी नको असे वकीलबाई म्हणाल्या. राग मी वर घेऊन जात नाही, इथेच सोडतो.

कलम ४. माझ्या लोखंडी ट्रंकेत, खाकी गणवेशाखाली, एक बंद लिफाफा आहे. तो मी गेल्यावर सिद्धांतने स्वतः गिरगावला जाऊन डॉ. सुचित्रा विजयकर मॅडम यांना द्यावा. का, ते लिहिणे भाग आहे.

आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात मधे प्रयोगशाळा होती. एका टोकाला डॉ. गुरुदत्त नाडकर्णी सरांची खोली, दुसऱ्या टोकाला मॅडमची. १९९७ साली मॅडमनी आंबोलीहून एक झुडूप आणले, त्याच्या नावावरून विभागाच्या सभेत वाद झाला. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, ओळखता येत नसेल तर तोडू तरी नका." मॅडम उठल्या. "यापुढे या माणसाशी मी एक शब्द बोलणार नाही," म्हणाल्या, आणि सतरा वर्षे बोलल्या नाहीत. सर तरी काय कमी हट्टी! पण परीक्षा, सहली, रसायने कोणाच्या भांडणासाठी थांबत नाहीत. त्यामुळे दोघांचे निरोप मी न्यायचो.

सर म्हणायचे, "त्या बाईला सांग, शेगडी चालू ठेवून घरी जायला हे काय तिचं स्वयंपाकघर आहे?" मी मॅडमना सांगायचो, "सर म्हणाले, शेगडी चालू राहिली होती." मॅडम म्हणायच्या, "त्या शहाण्याला सांग, टाइमटेबल परत एकदा बघू या, ते काही त्याच्या आजोबांनी लिहून ठेवलेलं नाही." मी सरांना सांगायचो, "मॅडम म्हणाल्या, टाइमटेबल परत एकदा बघू या." मी पदरचा गोड शब्द कधी घातला नाही. फक्त काढले. पेडव्यासारख्या काटेरी मासळीतले काटे काढून पोराला घास द्यावा, तसे.

माझे काही नियम होते. रागाचा निरोप लगेच न्यायचा नाही, आधी काचेची भांडी धुवायला घ्यायची. विद्यार्थ्यांसमोर द्यायचा नाही. चहाच्या आधी तर मुळीच नाही. दहांतले पाच-सहा निरोप भांडी धुऊन होईपर्यंत मागे घेतले जायचे. "गणपत, राहू दे रे," असे दोघेही म्हणायचे. मला याचा गर्व झाला, खोटे कशाला बोलू? एवढी शिकलेली दोन माणसे माझ्या जिभेवर चालली आहेत, असे वाटू लागले.

२०१४ साली सर निवृत्त झाले. आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावून हा लिफाफा दिला. म्हणाले, "मॅडमना दे. बंद आहे हां गणपत. यातलं तुला काही काढता येणार नाही."

त्यांना सगळे माहीत होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

त्या दिवशी मॅडम संतापलेल्या होत्या. निरोप समारंभाच्या पत्रिकेत त्यांचे नावच घातले नव्हते. मी ठरवले, आज नको. दुसऱ्या दिवशी समारंभाला त्या आल्या नाहीत. मग सुटी लागली. पंधरा दिवसांनी सर राहिलेली पुस्तके न्यायला आले.

"दिलंस?"

"दिलं, सर."

का म्हणालो, देव जाणे.

"काही म्हणाल्या?"

"नाही, सर."

सरांनी पुस्तके पिशवीत भरली. "बरोबर आहे त्यांचं," म्हणाले, आणि पिशवी उचलून गेले. पुढच्या फेब्रुवारीत वारले. मॅडमनी आपल्याला उत्तरसुद्धा दिले नाही, असे समजून तो माणूस गेला. त्यानंतर लिफाफा द्यायला हात उठेना. माझी पत्नी कै. रमाबाई म्हणायची, "ता देवन टाका. दुसऱ्याचो जीव ट्रंकेत घालून झोप येता कशी तुमका?" झोप येत नव्हती. अकरा वर्षे झाली. मॅडमच्या तोंडावर हे सांगायची हिंमत माझ्यात नाही, म्हणून मृत्युपत्रात लिहीत आहे.

(कलम ४ रद्द. खोडलेला मजकूर वाचता येईल असाच ठेवला आहे. बाजूला माझी सही आहे.)

रद्द करण्याचे कारण. साक्षीदार म्हणून मला मॅडमचीच सही हवी होती. रमा हॉस्पिटलात होती तेव्हा गिरगावहून रोज डबा घेऊन आल्या त्या मॅडमच. पण वकील प्रिती शिरोडकर म्हणाल्या, "काका, मृत्युपत्रातून ज्यांना काही मिळतं, त्यांना साक्षीला घेऊ नका. उद्या कोणी शंका काढेल. दुसरं कोणी बघू या का?" मी घरी येऊन तीन दिवस विचार केला. ज्या बाईचे पत्र मी ट्रंकेत कोंडून ठेवले, तिचीच सही मला हवी. मला माझीच लाज वाटली.

काल दुपारी गिरगावला गेलो. मॅडमनी चहा ठेवला. मी चहाच्या आधीच लिफाफा पुढे केला आणि सगळे सांगून टाकले, "दिलं, सर" हेसुद्धा. मॅडमनी उभ्यानेच वाचले. मग त्यातले थोडे मला वाचून दाखवले: "आंबोलीचे झुडूप तुम्हीच बरोबर ओळखले होते. मला ते त्याच वर्षी कळले. सभेत बोललो ते सभेतच मागे घ्यायला हवे होते. धीर झाला नाही. क्षमा करावी."

त्यानंतर मॅडम जे म्हणाल्या ते खाली लिहीत आहे. त्यातले काहीही काढलेले नाही.

"गणपत, तुला हा अधिकार कोणी दिला? सर वारले तेव्हा मी मुद्दाम अंत्यदर्शनाला गेले नाही. त्या दिवशी दादरला, त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर होते आणि गेले नाही. तू त्यांनाही फसवलंस आणि मलाही. तुला माफ करेन की नाही, मला माहीत नाही. आज तरी नाही. सहीला उद्या अकराला येते."

मॅडम आत्ता आल्या आहेत. चहा नको म्हणाल्या. समोर बसल्या आहेत. वरील सर्व मजकूर मी त्यांना आणि शेजारच्या गंगाधररावांना मोठ्याने वाचून दाखवला आहे. मला याहून अधिक काही सांगायचे नाही.

(सही) गणपत कुशाबा राऊळ

साक्षीदार:

१. गंगाधर विठू परब, लालबाग. गणपतरावांनी माझ्यासमोर सही केली. (सही)

२. डॉ. सुचित्रा विजयकर, गिरगाव. माझ्यासमोर सही केली. या मृत्युपत्रातून मला काहीही मिळायचे नाही. माझे होते ते मला काल मिळाले. (सही)

स्थळ: लालबाग, मुंबई
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५