पन्नास कॅसेटवरची चाल

बाबा,

तुमची पेटी मी एका बँडमध्ये वाजवते. हे तुम्हाला कसं सांगावं, या विचारातच बरेच महिने गेले. तुम्ही जाऊन तेरा वर्षं झाली, तरी तुम्ही नको म्हणाल अशी धास्ती वाटते. अमेरिकेत, डुलूथमध्ये, मोठ्या तळ्याच्या काठावरच्या या थंड गावात, आम्ही तिघं आहोत. गाणारा दिवसा हार्डवेअरच्या दुकानात रंग मिसळून देतो आणि कार्यक्रमाला चंदेरी, उंच टाचांचे बूट घालून येतो. ड्रम वाजवणारी स्कूल बस चालवते. तुम्ही तरुण होतात तेव्हा इकडे काळ्या कपड्यांतली, खर्जातली, उदास पण ठेका न सोडणारी गाणी निघाली होती. तशी गाणी आम्ही नव्यानं करतो, तोंडाला पांढरा रंग, चमकी आणि काळी लिपस्टिक लावून. पोस्टर आम्हीच चिकटवतो, रेकॉर्डिंग तिच्या गॅरेजमध्ये करतो. पेटीचा आवाज पायानं दाबायच्या एका छोट्या इलेक्ट्रिक पेडलमधून घुमवला की ती फार मोठ्या, रिकाम्या हॉलमध्ये वाजतेय असं वाटतं. फोटो पाहून आई म्हणाली, "तोंडाला काय फासलंयस गं? चुन्याच्या पोत्यात पडल्यासारखी दिसतेस." आणि मग, "पेटी पुसून ठेवतेस ना?"

शाळेत जायच्या आधी मी तुमच्याकडे शिकले. ईडन प्रेरीच्या घरातलं बेसमेंट, शेजारी वॉशिंग मशीन फिरतंय, ऑफिसचा बॅज अजून तुमच्या गळ्यात आहे आणि तुम्ही माझ्या डाव्या हातावर हात ठेवून सांगताय, "ओढू नकोस भाता. श्वास घेऊ दे त्याला." मी पाच वर्षांची. अक्षरं नंतर आली, सूर आधी.

आणि तो एप्रिल, मी नऊ वर्षांची असतानाचा. शाळेचा कॅफेटेरिया भाड्यानं घेऊन आपल्या लोकांनी जयंती केली होती, मी तुमचं एक गाणं म्हटलं. एका काकूंनी विचारलं, "चाल कुणी बसवली गं एवढी गोड?" मी म्हटलं, "मी." तुम्ही आम्हाला गाडीकडे घेऊन निघालात. गाडीत बसल्यावर किल्ली लावली आणि परत काढली. "आपल्या माणसांनी विटा वाहिल्या, रस्ते केले, गाणी केली, आणि नावं लागली दुसऱ्यांची. आपण तेच करायचं का?" आई म्हणाली, "अहो, नऊ वर्षांची आहे ती." तुम्ही म्हणालात, "म्हणून तर आत्ता सांगतोय." मला एकटीला परत आत जाऊन खरं सांगावं लागलं. काकूंनी हसून हातावर बर्फी ठेवली. ती मी तशीच मुठीत धरून गाडीत आणली.

तर, बाबा, मी तेच परत केलं. मागच्या हिवाळ्यात आम्हाला एक संथ गाणं हवं होतं. मी सहज आजीवरच्या तुमच्या गाण्याची चाल वाजवली, डोक्यावर विटांची पाटी घेऊन जिना चढणाऱ्या आजीची. निम्म्या लयीत, पेडल लावून. ड्रमवाली हात थांबवून बघत राहिली. "वेट, हे तू लिहिलंस?" मी हो म्हणून मान हलवली. खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. तुमचं नाव घेतलं असतं तर पुढचे प्रश्न आले असते, आणि त्या गॅरेजमध्ये, हीटरच्या घरघरीत, तुमच्याबद्दल इंग्लिशमध्ये, भूतकाळात बोलायची माझी तयारी नव्हती. नंतर रोज वाटायचं, आज सांगू. गाणारा त्या चालीवर शब्द लिहून मोकळा झाला. आमच्या पन्नास कॅसेटची कव्हरं छापून आली, त्यांवर सगळं संगीत आमच्या तिघांच्या नावावर.

परवा रविवारी दुपारी कव्हरांना घड्या घालायला बसलो. वीसेक झाल्यावर मी हातातलं कव्हर खाली ठेवलं. मी सांगून टाकलं. चाल माझी नाही, माझ्या वडिलांची आहे, ते नाहीत. गाणारा म्हणाला, "थँक गॉड. मी इतके दिवस तुझ्यावर जळत होतो यार." यार त्यानं माझ्याकडूनच उचललंय. ड्रमवाली उठून पेन शोधायला गेली. नव्यानं छापण्यापेक्षा हातानं लिहू म्हणाली. मी तुमचं नाव देवनागरीत लिहून दाखवलं आणि तिनं ते चित्र काढावं तसं, जीभ बाहेर काढून, उतरवलं. संध्याकाळपर्यंत पन्नासही कव्हरांवर तुमचं नाव होतं, काहींवर मात्रा चुकलेल्या. मला वाटलं, आता तुम्ही गाडी सुरू कराल.

पण एक राहिलंय. त्या चालीची तिसरी ओळ मला आठवत नाही. खूप प्रयत्न केला. आईला फोन केला तर म्हणाली, "मला कुठलं आठवतंय गं, मी वर स्वयंपाकात असायचे, खालून नुसती पेटी ऐकू यायची." तुम्ही लिहून काही ठेवलं नाहीत, आणि आता विचारायला कुणी नाही. ती ओळ मी रचलीय. हे मी त्या दोघांना सांगितलेलं नाही, आईलाही नाही. ती तुमच्या नावावर गेलीय, आणि ती तिथंच राहावी असं मला वाटतं.