बिनधुराची गोणी

बुधवार, संध्याकाळ

आज बंबाने धूर केला नाही. ह्यांचा दमाही उसळला नाही. सुटले बाई!

ह्यांना आंघोळीला बंबाचंच पाणी हवं. करवंटीचा कोळसा पेन्शनीत परवडेना, म्हणून द्वारका चौकातल्या दुकानातून लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या कांड्यांची गोणी आणली. बिनधुराच्या म्हणे! आठवडाभर नुसता धूर. मी काडी ओढली की हे मुकाट्याने उठून खोलीची खिडकी लावायचे. ती खिडकी बघूनच माझं डोकं फिरलं. परवा दुकानदाराला चारचौघांत इंग्रजीतून झाडलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, गोणी ठेवता कुठे?"

"बंबाशेजारी. हाताशी नको?"

"न्हाणीघरात? मग कांड्यांनाही रोज आंघोळ घालताय की तुम्ही!"

इतकी वर्षं मुलींना विज्ञान शिकवलं, आणि ओल्या जळणाचा धूर होतो हे मला त्याने सांगावं? काल दिवसभर कांड्या गच्चीवर वाळवल्या. आज कोळशासारख्या लाल फुलल्या.

उद्या माफी मागायला जायला हवं. मराठीतून मागेन. इंग्रजीतलं सॉरी फार स्वस्त असतं.

आणि हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय, सकाळी ह्यांनी खिडकी लावलीच नव्हती. अजून उघडीच आहे.