अज्जय्यांचे चार हात

कोल्हापूर,
श्रावण, तिथी माहीत नाही (कॅलेंडर भिंतीवरून कुणी नेलं ते पुढे येईल), २००३

चि. मृत्युंजय यास,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. इंग्लंडात चार दिवस सलग ऊन पडल्याचं कळवलंस, वाचून बरं वाटलं. तुझ्या पोटाचं कसं आहे? (पाव खाऊन कुणाचं पोट सुधारल्याचं मी ऐकलेलं नाही. बायकोला वेळ नसेल तर भाकरी तू थाप, हात झिजत नाहीत.) इकडे अव्वाच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं नीट झाली. दुकानात पेंडीला उठाव बरा आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा पावसाळ्यात जसा असतो तसा आहे. एकूण घरचं ठीक, म्हणजे ठीक होतं.

पत्रास कारण, गेल्या दिवाळीत तू आमच्या सुष्मितासाठी आणलेला तो खेळ. मला वाटलं बुद्धिबळाचा कुणीतरी भाऊबंद असेल. बघतो तर बोटाएवढे शिपाई, फासे, मोजपट्टी आणि पंचांगापेक्षा जाड नियमांचं पुस्तक. बरं, त्यातल्या शूर शिपायांकडे आमच्या लेकीनं ढुंकून पाहिलं नाही. तिला आवडले खलनायक. दुसऱ्या ताऱ्यावरून आलेला एक चार हातांचा, टकला मूळपुरुष म्हणे खाणकामगारांच्या वस्तीत शिरतो, त्यांच्यात सोयरीक जमवतो, आणि तीन-चार पिढ्यांत अख्खी वस्ती त्याच्या भजनी लागते. वरून सगळी माणसं साधी, कामाला जाणारी. आतून एका पंथाची. (मी म्हटलं, यात परग्रह कशाला पाहिजे? आपल्या साखर कारखान्याचं पॅनेल असंच निवडून येतं.) झालं! पोरगी दिवसरात्र त्या पंथाची चित्रं काढत बसली. कागद पुरेना म्हणून कॅलेंडरं उलटी करून काढली. राजारामपुरीतल्या इंटरनेट कॅफेतून ती जगभर पाठवली. कुठल्याशा फिनलंडच्या माणसानं तिला कळवलं, की इतका भयानक मूळपुरुष त्यानं आजवर पाहिला नव्हता. आमच्याकडे याला कौतुक म्हणत नाहीत, पण ती आठवडाभर हवेत होती.

आणि मग तिनं पुण्याच्या चित्रकला कॉलेजचं काढलं. मी नाही म्हणालो. शिरोळच्या पाटलांच्या घरातून विचारणा आलेली. ऊस आहे, दोन ट्रॅक्टर आहेत, मुलगा निर्व्यसनी आहे (निदान दिवसा). अव्वाही नाहीच म्हणाली, आणि आपल्या घरात आईच्या नाहीपुढे दुसरी पायरी नसते. तू फोनवर पुतणीची बाजू घेतलीस, ते मी विसरलेलो नाही.

आता मूळ भानगड. ऑपरेशनच्या आधीची गोष्ट. सुष्मितानं त्या मूळपुरुषाचं मोठं चित्र काढून वाळायला सोप्यात टेकवलं होतं. टक्कल, कपाळावर हाडांचे तीन आडवे उंचवटे, गळ्यात अंड्याएवढी डबी, हातात लांब दांडा. अव्वा चाचपडत बाहेर आली, चित्रापुढे थबकली आणि एकदम हात जोडून खाली बसली. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची डबी, हातात काठी. दुसरं कोण असणार? शिरोळात पहिलं पाऊल ठेवणारे आपल्या घराण्याचे मूळपुरुष, अज्जय्या! त्यांचा फोटो नाही म्हणून ती जन्मभर हळहळते, हे तुला माहीत आहे. तिच्या सासूनं सांगितलं होतं अगदी तसेच, म्हणाली. डोळे लाल, तोंडावर हसू नाही. मी भीतभीत हात मोजून दाखवले. तर म्हणे, "चार माणसांचं काम एकटं करायचं की ते. मग हात किती असतील?" यावर तू काय बोलला असतास ते कळव.

दुसऱ्या दिवशी चित्र हुपरीला. गुंडू सोनारानं चांदीच्या पत्र्यावर टाक उठवून दिला, चारही हातांसकट. (एका हातातल्या खाणीच्या यंत्राचा त्यानं कमंडलू केला, माणूस श्रद्धाळू आहे.) टाक देव्हाऱ्यात वीरभद्राशेजारी बसला. सोमवारी आरती सुरू झाली. शेजारच्या शालूबाईचं हरवलेलं गॅसचं पुस्तक सापडलं, तर ती नारळ घेऊन आली. तिच्यामागं तिची नणंद, नणंदेमागं भिशीतल्या बायका. खेळातही पंथ अस्साच वाढतो, असं सुष्मिता मला म्हणाली आणि तिथंच रडायला लागली. आजीला फसवतेय, मला सहन होत नाही, सांगून टाकते म्हणाली. मी म्हटलं, बाई गं, गप्प बस. आजी दुखावली तर पुण्याचं नाव या घरात पुन्हा निघायचं नाही. हे मी का म्हणालो कुणास ठाऊक, कारण पुण्याला नाही म्हणणारा मीच होतो.

पण पोरगी आपल्या वळणावर गेलेली. डोळ्यांची पट्टी सुटल्यावरच्या पहिल्या सोमवारी, बायका गेल्यावर, तिनं आजीपुढे बसून सगळं सांगितलं. परग्रह, खाण, पंथ, काका आणि खेळ. मी दारात उभा. अव्वानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, हा आपल्या माणसांना सांभाळतो का? सुष्मिता म्हणाली, सांभाळतो. आणि बाकीच्यांना? खातो.

"मग त्योच हाय की," अव्वा म्हणाली. "निम्म्या शिरोळची जमीन काय लोकांनी आपखुशीनं दिल्ती व्हय आमच्या अज्जय्याला?"

त्यानंतर तिनं मूळ चित्र मागवलं, नव्या डोळ्यांनी जवळ धरून पाहिलं, आणि पहिल्यांदाच नाक मुरडलं. खालच्या डाव्या हाताला बोटं नीट नाहीत. अंगठा उलट्या बाजूला. देवाचा हात असा असतोय व्हय? हात काढायला कोण शिकवतंय? पुण्यात शिकवतात, असं कळल्यावर म्हणाली, मग इथं काय करतीयास? शिरोळच्या पावण्यांना तिनंच निरोप धाडला, की पोरगी अजून कच्ची आहे. झालं, संपलं. पुढच्या सोमवारी सुष्मिता पुण्याला निघते. माझं मत कुणी विचारलं नाही, आणि माझं मत बदललेलंही नाही. चित्रं काढून कुणाचं भलं होत नाही. तेव्हा यापुढे असले खेळ पाठवून आमच्या घरात ढवळाढवळ करू नये, ही विनंती.

बाकी क्षेम. अव्वाचा तुला आशीर्वाद, आणि अज्जय्यांचाही असावा.

तुझा,
रुद्रय्या

ता. क. शालूबाईलाही तसाच टाक हवा आहे. गुंडूला नाही म्हणून सांगितलंय, पण तो ऐकेलसं वाटत नाही.

आणखी एक ता. क. तो खेळ दोघांचा असतो म्हणे. परवा बघितलं, तर पोरगी एकटीच दोन्ही बाजूंचे फासे टाकत होती, आणि जिंकल्यावर समोरच्या रिकाम्या पाटाकडे बघून हसली. माझ्याच्यानं बघवलं नाही. ती अजून गेलीही नाही आणि मला आतापासूनच करमेना झालंय. त्या जाड पुस्तकातले नियम मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून पाठव. दिवाळीला ती येईपर्यंत मला पाठ झाले पाहिजेत. शिपायांच्या बाजूनं मी बसेन. यातलं अक्षरही तिला कळवू नकोस, नाहीतर जायची राहील.