रिलीफचं काम

अल थुमामा, दोहा
बुधवार

ती. रत्नप्रभाआईंना,

यशोधनचा वाकून नमस्कार. (गुडघे अजून वाकतात, हे मुद्दाम कळवतो.) मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुमची नजर एकदम लख्ख झाली आहे आणि समोरच्या इमारतीत आज कोणती भाजी आहे तेही तुम्हाला नाशिकच्या गॅलरीतून दिसतं, असं विभावरीकडून कळलं. फार बरं वाटलं. इकडे आम्ही तिघं मजेत आहोत. ईशा दहावीत गेली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तरं इंग्रजीत देते, त्यामुळे भांडणात तीच जिंकते.

पत्र लिहिण्याचं निमित्त म्हणजे तुमच्या शेजारच्या वरुणबरोबर तुम्ही पाठवलेलं गाठोडं. अकरा स्वेटर, चार शाली आणि ‘गरजूंना वाटावे’ अशी चिठ्ठी. आई, ऑफिसात एसीच्या झोताखाली बसणारी अलीजा सोडली तर दोह्यात स्वेटरची गरज असलेला माणूस मला माहीत नाही. (तिला एक दिला. तिने तुम्हाला शुक्रन, म्हणजे धन्यवाद, सांगितलं आहे.) घोटाळा कुठे झाला तो आता लक्षात आला. विभावरी तुम्हाला फोनवर म्हणाली, ‘यश दर शुक्रवारी रिलीफला असतो,’ आणि तुम्ही भजनी मंडळात सांगितलंत की जावई मदतकार्य करतो. फोनवरच खुलासा केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि समोर अख्खं मंडळ बसलेलं असतं. म्हणून कागदावर कबूल करतो: मी बेसबॉल खेळतो.

बेसबॉलमध्ये एक जण चेंडू फेकतो आणि समोरचा दांडूने मारतो; तीन हुकले की तो बाद. फेकणाऱ्याचा हात थकला, की त्याला बसवून दुसरा आणतात. तो रिलीफ पिचर. लग्नात पहिल्या पंगतीला वाढायला सगळे उत्साही असतात. पण शेवटच्या पंगतीला, जिलबी संपत आलेली आणि वरपक्ष भुकेलेला असताना जो वाढायला उतरतो, तो मी. चार मोसमांत एकतीस सामन्यांत मी असा उतरलो आणि त्यातले फक्त दोन हातचे गेले. (त्यातल्या एकात वाळूचं वादळ होतं.) माझ्याकडे वेग नाही. फक्त दांडूवाल्याच्या मागे बसलेला आमचा झेलणारा हातमोजा जिथे धरेल तिथे चेंडू जातो. लोक म्हणतात, यशभाई घाबरत नाहीत. मी घाबरतो; माझ्या चेहऱ्यावर ते दिसत नाही एवढंच. विभावरीच्या मते गॅस संपला तरी माझा चेहरा असाच असतो आणि ती त्याला गुण समजत नाही.

हे सुरू झालं चपलेपासून. शाळेत असताना मला क्रिकेटमधून काढलं होतं, कारण गोलंदाजी करताना माझं कोपर वाकायचं आणि सगळे मला ‘फेक्या’ म्हणायचे. त्यानंतर पंचवीस वर्षं मी काही फेकलं नाही. मग एकदा बागेत ईशाची चप्पल झाडावर अडकली. मी खालून दुसरी चप्पल मारून ती पहिल्याच फटक्यात पाडली. बाकावर एक लाहोरचा गृहस्थ बसला होता, आफताब नावाचा. तो उठून आला आणि म्हणाला, “फिर से मार सकते हो?” आम्ही चप्पल पुन्हा झाडावर अडकवली. मी ती तीनदा पाडली. पुढच्या शुक्रवारी मी त्याच्या संघात होतो. ज्या कोपरामुळे एका खेळातून हाकललं, त्याच कोपराचं दुसऱ्या खेळात कौतुक झालं, याचा आनंद किती होता ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगतो आहे.

आता दोन आठवड्यांपूर्वीच्या शुक्रवारचं. अंतिम सामना, सकाळी सातला, मदिनत खलीफाकडच्या मैदानावर. शेवटचा डाव, आम्ही एका धावेने पुढे, दोन गडी बाद (तिसरा गेला की सामना आमचा), पण तिन्ही बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यांवर, त्यांची माणसं उभी. आफताबने मला बोलावलं. मी चेंडू हातात घेऊन वर पाहिलं, तर समोर दांडू घेऊन राहिलसाहेब. हमद पोर्टवर जहाजातले कंटेनर कुठे ठेवायचे हे मी ठरवतो, आणि मी राहायचं की जायचं हे राहिलसाहेब ठरवतात. आमच्या विभागातली सहा माणसं कमी होणार अशी बातमी होती. माझ्या कॉन्ट्रॅक्टची फाइल तीन आठवडे त्यांच्या टेबलावर पडून होती. सही झाली नाही तर ईशाची दहावी अर्धवट सोडून आम्ही परत. ही गोष्ट आम्ही तुमच्यापासून लपवली होती, माफ करा.

आफताब जवळ आला. “क्या सोच रहे हो?” मी म्हटलं, “मेरा कॉन्ट्रॅक्ट.” तो माझ्या खांद्यावर थोपटून निघून गेला. विभावरी बाकावरून दोन्ही हातांनी खुणा करत होती, त्यांचा अर्थ ‘मारू दे त्यांना’ असा होता. मीही ठरवलं, सोपा टाकायचा. अगदी मनापासून ठरवलं. पण हाताला ते कळलंच नाही. चेंडू गेला हातमोज्यात. दुसराही गेला. तिसऱ्याला साहेबांनी इतक्या जोरात दांडू फिरवला की ते स्वतःच गोल फिरून धुळीत बसले. सगळे नाचत होते आणि मी साहेबांच्या पँटवरची धूळ झटकत होतो.

शनिवारभर विभावरी माझ्याशी बोलली नाही. काय विकायचं, काय न्यायचं याची यादी करत होती. रविवारी साहेबांनी बोलावलं आणि दार लावून घेतलं. त्यांनी फाइल पुढे सरकवली. सही होती, दोन वर्षांची, आणि तारीख गुरुवारची! सामन्याच्या आदल्या दिवसाची! मी खुर्चीत न विचारता बसलो. साहेब हैदराबादी हिंदीत म्हणाले की मुद्दाम सोपा टाकला असतास तर मला कळलं असतं आणि वाईट वाटलं असतं. मग त्यांनी डब्यातलं संत्रं काढलं आणि विचारलं, “वो तीसरा बॉल पकडते कैसे?” अर्धा तास आम्ही संत्रं धरत होतो. घरी फोन केला तेव्हा विभावरी आधी रडली आणि मग जेवायला काय करू असं तिने विचारलं. दोन दिवसांनी तिचा आवाज ऐकून मला संत्र्याइतकंच गोड वाटलं.

खांदा आता दुखतो. वयाची चव्वेचाळीस वर्षं झाली, आता पुरे, म्हणून मी निवृत्त झालो आहे. विभावरीला तसं वचनही दिलं. यापुढे शुक्रवारी मी घरी असेन.

तुमचा,
यशोधन

ता. क. : पुढच्या महिन्यात तुम्ही येताच आहात. येताना खांद्याला चोळायचं तेल आणावं.

ता. क. २ : तेल कशाला, असं विचाराल. आफताबने पुढच्या मोसमाच्या यादीत माझं नाव घातलं आहे आणि मी त्याला नाही म्हणालेलो नाही. विभावरीला हे माहीत नाही. आल्या आल्या, पण चहा झाल्यावर, तुम्ही तिला तुमच्या शब्दांत सांगावं. तुमचं ती ऐकते.

ता. क. ३ (विभावरीच्या अक्षरात) : आई, पाकीट चिकटवायला याने माझ्याकडेच दिलं. तू काही सांगायला नको. यादीत नाव घालायला आफताबभाईंना मीच सांगितलं. एक शुक्रवार घरी ठेवून पाहिला, तर याने माझे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावले. तेल मात्र मोठी बाटली आण.