उंबराच्या जागेपासून दोनशे मीटर दक्षिणेला

आदरणीय ओडिलिया मावशी यांना,

एरेदियाहून एलादिओचा नमस्कार. तुमचे गुडघे, कॉफीची रोपं आणि तो चावरा पोपट, सगळे ठीक असतील अशी आशा करतो. माझी तब्येत उत्तम आहे. घरघर लागली होती ती नोकरीला.

मी काय काम करतो असं तुम्ही दर नाताळात विचारता आणि मी सांगायला लागलो की केळीच्या पानात तामाल बांधायला उठून जाता. म्हणून लिहूनच कळवतो. आम्ही संगणकावरचा एक खेळ करतो. त्यात कॉफीच्या डोंगरातलं अख्खं गाव आहे आणि खेळणाऱ्याने तिथे मोकाट भटकायचं. (मोकाट भटकण्यात माझा हात धरणारा कोणी नाही असं आई म्हणायचीच, म्हणून ते गाव माझ्याकडे आलं.) मी आठ महिने खपून ज्वालामुखी उभा केला, दरीत धुकं सोडलं आणि पावलोपावली खजिन्याच्या पेट्या पुरल्या. पेटी चुकू नये म्हणून वर चकाकता बाण. झालं! खेळून बघायला बोलावलेले लोक बाणाकडे बघत चालायला लागले. ज्वालामुखीकडे एकानेही मान वर करून पाहिलं नाही. एक पोरगी तर पेट्या उघडता उघडता जांभया देऊ लागली. आमचे साहेब अर्नुल्फो म्हणाले, "एलादिओ, हे गाव आहे की वाण्याची यादी?"

मला राग आला. बाण काढले, पेट्याही काढल्या. म्हटलं, लोकांना विचारत विचारत जाऊ दे, आपण नाही का जात! साहेबांनी बजावलं, की खेळ विकत घेणाऱ्या बाई शुक्रवारी मेक्सिकोहून येतायत. त्या अर्ध्या तासात कंटाळल्या तर खेळ बंद आणि मी घरी. खेळणाऱ्याने शोधायला एखादं घर हवं; घाईत पत्ता सुचेना, म्हणून तुमचाच घातला: 'उंबर होता तिथून दोनशे मीटर दक्षिणेला, हिरवं फाटक.' शुक्रवारी सकाळी ध्यानात आलं की खेळात ना उंबर आहे, ना त्याचं खोड. (असणार कसं? तो माझ्या जन्माआधीच तुटला. सगळं गाव अजून त्याच्यापासून अंतर मोजतं, त्यात माझा काय दोष!) झाड उभं करायला आठवडा लागतो. मग मी प्रत्येक गावकऱ्याच्या तोंडी त्याची एकेक आठवण घातली आणि देवाचं नाव घेतलं.

मेक्सिकोच्या त्या ग्रिसेल्दाबाई खेळायला बसल्या. खेळातला पाववाला त्यांना म्हणाला, "अहो, त्याच्याखालीच माझं लग्न ठरलं!" एक म्हातारी म्हणाली, "गेलं ते बरं झालं, वटवाघळं फार." बाई याला विचार, त्याला विचार करत तीन तास हिंडल्या, ओढ्यात पडल्या, टेकडी चढल्या आणि मावशी, मान वर करून त्यांनी ज्वालामुखी पाहिला! शेवटी उंबराची जागा सापडली. तिथे नुसती माती. मी नखं खात होतो. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "बाकी राहू दे. ते झाड तोडलं कोणी, तेवढं सांगा." मी छाती काढून म्हणालो, "ते शेवटी कळतं." मला काय डोंबल माहीत!

पोपटाला लांबूनच नमस्कार.

तुमचा भाचा,
एलादिओ

ता.क. – खेळाचा शेवट पुढच्या शुक्रवारी द्यायचा आहे, नाहीतर नोकरी गेलीच. ते झाड कोणी तोडलं हे सांगणारं तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

ता.क. २ – मार्चमध्ये तुमच्या सत्तरीला मला ताप आला नव्हता. केक घेऊन मी तुमच्या तुर्रियाल्बाला उतरलो होतो. घर नेहमी आई शोधायची. ती गेल्यापासून मी पहिल्यांदाच एकटा आलो. फोनवरच्या बाणामागे तासभर चाललो आणि कोणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्यात पोचलो. गावं बनवणाऱ्याने वाट विचारायची कोणत्या तोंडाने? बसथांब्यावर बसून सगळा केक खाल्ला आणि परत आलो. केक चांगला होता. मावशी, मला फार लाज वाटते.

ता.क. ३ – तेव्हा उत्तर पत्राने पाठवू नका. रविवारी येतो. या वेळी चौकातल्या पहिल्या माणसापासून विचारत येईन. उशीर झाला तर समजा, कोणीतरी मला उंबराची गोष्ट सांगत बसलंय. फाटक उघडं ठेवा आणि पोपट आत.