शहाळ्याचं पाणी

अम्फवा,
१२ मार्च २०२३

चि. जारू,

तू बरी आहेस असं धरून चालते. फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून लिहिते आहे.

इकडे उकाडा आहे. कालव्याला पाणी कमी, आणि शेजारच्या चुआनकाकांनी आपला पंप दुरुस्त करता करता पुरता बिघडवला.

एप्रिलात, नव्या वर्षाच्या सोंगक्रान सणापर्यंत आई जेवायला लागली नाही तर तिला बँकॉकला नेणार, असं तू बजावलं होतंस. उपचार संपले तरी तिच्या तोंडाला चव नव्हती. मागायची ते एकच: गांजाचा कोवळा पाला घातलेला कोंबडीचा रस्सा. आता त्याला कायद्याची आडकाठी नाही, आणि डॉक्टरही थोड्या पाल्याला हो म्हणाले. पण परसातलं आपलं झाड काडीसारखं.

चुआनकाकांनी अंडी आणि काकवी आंबवून केलेलं ‘अंड्याचं हॉर्मोन’ आणलं. "वास सोडला तर अमृत आहे, ताई." वास काही सोडेना. बाटली परत केली. कॉलेजात शिकलेलं मला पक्कं आठवत होतं: झाडाला फुटवे आणणारं खरं हॉर्मोन शहाळ्याच्या पाण्यात असतं. शहाळी घरचीच. मी पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळत बसले.

आईने खिडकीतून पाहिलं.

"अगं ए! जाळायच्या आधी मेलेल्याचं तोंड धुतात त्या पाण्याने! मी आहे अजून!"

"झाडासाठी आहे, आई. त्यात हॉर्मोन असतं."

"म्हणजे पाला खाऊन मला मिशा फुटणार!"

जी बाई अंथरुणातून उठत नव्हती, ती कठडा धरून एकटी जिना उतरली. माझ्या हातातला फवारा हिसकावला. "दे इकडे. तू माझ्या तोंडाला लावायच्या आधी मीच संपवते हे पाणी."

तेव्हापासून रोज सकाळी फवारणी तीच करते. मी फक्त शहाळी फोडते आणि शिव्या खाते. झाड आता बुंध्यापासून फुटलंय. चुआनकाका कुंपणावरून बघतात आणि अंड्यांचा विषय काढत नाहीत.

काल रस्सा केला. आईने वाडगा संपवला आणि दुसरा मागून घेतला. वर म्हणाली, "अळणी झालाय. हे कॉलेजात शिकवत नाहीत वाटतं?" जिंकले मी, जारू! तुझ्यासाठी तिचा निरोप असा: सणाला ये, माझ्या हातांवर पाणी घाल, आशीर्वाद घे आणि एकटी परत जा.

तू तिची काळजी नीट घेतली असतीस, यात मला शंका नव्हती. काळजी मला माझी होती. बाहेर निघाले की "छत्री घेतलीस का?" म्हणून ओरडणारं या घरात दुसरं कोणी नाही. हे फोनवर बोलता आलं नसतं.

अजून कुणाची तरी मुलगी असलेली,
तुझी ताई
रवीवान