घराखाली ओल आहे

सोमवार, १७ ऑगस्ट १९५३. सकाळी ५.४०
आजपासून ओलीशी युद्ध. घरात जाहीरही करून टाकलं. नलिनी चहा गाळत होती. तिने मान डोलावली आणि मग बराच वेळ खोकली.

कारणं लिहून ठेवतो. बुटात पाय घातला तर आत हिरवी बुरशी. वृंदाच्या भूगोलाच्या पुस्तकात आशिया आणि आफ्रिका एकमेकांना चिकटलेले. नलिनीचा खोकला जुलैपासून. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण खरा उपाय म्हणजे तळमजला सोडा. डॉक्टरांनी औषधापुरतं बोलावं.

वरचा मजला १ ऑक्टोबरला रिकामा होतो आहे, हे खरं. घरमालक यामिनीबाबू शेजारच्याच घरात राहतात, त्यांनी पहिल्यांदा आम्हालाच विचारलं, हेही खरं. पण तीन वर्षांपूर्वी बदली होऊन कलकत्त्यात बालीगंजला आलो तेव्हा दोन्ही मजले रिकामे होते. नलिनी वरचा म्हणत होती, मी खालचा घेतला. विचार करून घेतला. आता वर जायचं म्हणजे तो विचार चुकला असं होतं. तो चुकलेला नाही.

शिवाय हा माझा विषय. खिदिरपूरच्या गोदीत तीन वर्षं आणि त्याआधी मुंबईच्या गोदीत आठ वर्षं मी दुसऱ्यांचा माल कोरडा ठेवतो आहे. स्वतःचं घर म्हणजे किस झाड की पत्ती. मुदत सहा आठवडे.

मंगळवार, १८ ऑगस्ट
पाहणी. घर उंच जोत्यावर, जोतं आतून पोकळ. सगळ्या खोल्यांखाली दीड हात उंचीची अंधारी जागा. मागच्या अंगणात लोखंडी झडप आहे, तिच्यातून सरपटत आत जाता येतं. वृंदाने विचारलं, याला काय म्हणतात? तळघर म्हणावं तर उभं राहता येत नाही. बोटीच्या पोटाला म्हणतात तसं मी 'होल्ड' नाव दिलं.

आत माती ओलीकंच. मुठीत दाबली तर लाडू वळतो. जोत्याच्या चारी भिंतींना जाळीची बारा भोकं. त्यातून कलकत्त्याची दमट हवा बिनदिक्कत आत येते. गुन्हेगार सापडला.

बाहेर येताना पोट झडपेत जरा अडकलं. झडप फार लहान केली आहे.

बुधवार, १९ ऑगस्ट
यामिनीबाबूंना रीतसर कळवलं. वृंदा म्हणत होती, बाबा, मी सांगू? वय नऊ. शाळेत दिवसभर बंगाली, घरी मराठीत निम्मं बंगाली. मी नको म्हटलं. माझं बंगाली मी स्वतः कमावलेलं आहे. लोकांना आवडतं. मी बोलायला लागलो की ते हसतात.

माझी पद्धत सोपी. बंगाली शब्द अडला तर मराठी शब्द घ्यायचा आणि अ चा ओ करायचा. 'ओल' या शब्दात तर ओ आधीपासूनच आहे, म्हणजे तो मुळातच बंगाली असणार. सरळ म्हणालो, "आमादेर घरेर नीचे ओल आछे. अनेक ओल."

यामिनीबाबू खुर्चीतून उठलेच. किती मोठी, म्हणाले. मी हात पसरून दाखवले, अख्ख्या घराखाली. त्यांनी चष्मा काढून पुसला. कुणी लावली का, म्हणाले. असं कोण लावेल? आपोआप आली, मी सांगितलं. मग विचारलं, घसा खवखवतो का? माणूस सूक्ष्म आहे. म्हटलं, बायकोचा जुलैपासून. त्यांनी चिंच आणि लिंबू सुचवलं.

आणि शेवटी जे बोलले त्याने मला भरून आलं. म्हणाले, निम्मी तुमची, निम्मी माझी. ओलीची निम्मी जबाबदारी घेणारा घरमालक उभ्या हिंदुस्थानात दुसरा नसेल. वरच्या मजल्याचं विचारलं तेव्हा मी ताठ सांगितलं की ओल संपवल्याशिवाय मी इथून हलणार नाही. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

शुक्रवार, २१ ऑगस्ट
चिंच-लिंबाचं पाणी दिवसातून तीनदा. नलिनीने तोंड वाकडं केलं, पण घेतलं. खोकला वाढला. बंगाली उपाय आहे, मराठी घशाला सवय व्हायला वेळ लागणार.

रविवार, २३ ऑगस्ट
बाराही भोकं विटा लावून बंद. वर डांबर. सगळं स्वतःच्या हाताने.

नलिनी पदर नाकाशी धरून अंगणात आली. तिचं माहेर वाईचं, घरात जमिनीखाली धान्याची पेवं. म्हणाली, पेव भरताना आधी तळाला कडबा अंथरतात, मग धान्य. वरच्या तोंडाचं नंतर बघतात. "ओल खालून येते आहे. तुम्ही खिडक्या काय बुजवताय? मातीवर काहीतरी अंथरा आणि भोकं उघडी ठेवा."

मी शांतपणे समजावलं. बोट समुद्रात असते, चहूकडे पाणी, तरी माल कोरडा. का? तर झाकणं घट्ट बंद.

"बोटीला तळ असतो," नलिनी म्हणाली आणि आत गेली.

बायकांना सायन्स उदाहरणाने समजावता येत नाही. डांबराचा दुसरा हात दिला.

सोमवार, २४ ऑगस्ट
मिठाची चाचणी सुरू. होल्डमध्ये वाटीभर मीठ ठेवायचं आणि रोज सकाळी तपासायचं. मीठ खोटं बोलत नाही.

मंगळवार, २५ ऑगस्ट
मिठाचं पाणी झालं. मीठ जुनं असणार.

गुरुवार, २७ ऑगस्ट
नवं मीठ. पाणी.

रविवार, ३० ऑगस्ट
सैंधव. उपासाचं. तेही पाझरलं. एकूण मिठाचा दर्जा घसरला आहे. चाचणी स्थगित.

बुधवार, २ सप्टेंबर
फरशीला घाम येऊ लागला आहे. पूर्वी हे नव्हतं. नलिनी नुसती फरशीकडे बघत राहिली. मी सांगितलं की कोंडलेली ओल बाहेर पडते आहे. गळू फुटतं तसं. प्रोग्रेस.

वासही येतो. तोही प्रोग्रेस.

शनिवार, ५ सप्टेंबर
४.५० फरशीला तळहात लावला. ओली.
५.१० पुन्हा. ओली, पण कमी वाटली.
५.२५ दुसऱ्या तळहाताने. सारखीच.
ऑफिसात दिवसभर मन लागेना. खुर्चीवर बसलो की वाटायचं, आत्ता फरशी काय करत असेल. डोकं दुखतं सांगून लवकर निघालो. ट्राम इतकी हळू की दोन स्टॉप आधी उतरून चालत आलो. फरशी ओली.

नलिनी आता बोलताना खोकते, म्हणून बोलणं कमी केलं आहे. घर शांत वाटतं. मला असलं शांत घर नको. ती खोकायला लागली की मला एका जागी बसवत नाही, मी उठून काहीतरी ठोकायला घेतो.

गुरुवार, १० सप्टेंबर
गल्लीच्या तोंडाशी यामिनीबाबू भेटले. ओल कशी आहे, म्हणाले. मी म्हटलं, कमी होते आहे. ते एकदम घाबरले. हात लावू नका म्हणाले, वाढू द्या, या महिन्याच्या शेवटी जावई येणार आहेत, तेव्हा एकदमच काढू. त्यांच्या जावयाला ओलीची फार आवड आहे म्हणे.

जावई इंजिनियर असावा. विषयाची आवड असलेला माणूस आला तर माझ्या कामाचं चीज होईल.

निघताना म्हणाले, वरचा मजला 'उनी' मागताहेत, तुमची हरकत नाही ना? बंगालीत 'उनी' म्हणजे तो की ती, काही कळत नाही. कोण ते मी विचारलं नाही. मला काय करायचंय? म्हटलं, खुशाल द्या. ते हसले आणि पाठीवर थाप मारून गेले.

घरी सांगितलं नाही. नलिनीला उगाच खोकला येईल.

बुधवार, १६ सप्टेंबर
वरचा मजला गेला हे आठवून सकाळपासून चैन नाही. तसं दुःख नाही. फक्त जिन्याखालून जाताना वर बघितलं जातं. वरची गॅलरी हवेशीर आहे, हे मान्य. हवा म्हणजे सर्वस्व नव्हे.

सोमवार, २१ सप्टेंबर
माझ्या कोटाच्या खिशात छत्रीएवढी नाही, पण टोपीएवढी छत्री उगवली. कुत्र्याची. वृंदाने कौतुकाने मैत्रिणींना दाखवली. मी रागावलो. मग नलिनीकडे पाहिलं, ती भिंतीला हात लावून उभी होती, श्वास घेण्यासाठी. रागावणं राहून गेलं.

शेवटचा घाव घालायचा. चुना आणि लोणारी कोळसा. रविवारी.

रविवार, २७ सप्टेंबर. रात्री ९.३०
झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे नंतर स्वतःशी वाद नको.

साडेआठला चुन्याचं पोतं घेऊन होल्डमध्ये शिरलो. अर्धा शिरलो. पुढे पोतं, मागे झडप, मध्ये पोट. पुढे जाता येईना, मागे येता येईना. हाक मारली तर तोंडात चुना.

इतक्यात मागे माणसांचा आवाज. यामिनीबाबू, त्यांचे नवे जावई, फावडं घेतलेला माळी आणि मोठी थोरली टोपली. माझे पाय बघून त्यांना वाटलं, मी काढायला सुरुवातही केली. चौघांनी मिळून मला ओढून काढलं. चौथी नलिनी.

जावयांचं धोतर कडक इस्त्रीचं. इंजिनियर नाहीत, बँकेत आहेत. यामिनीबाबूंनी उत्सुकतेने विचारलं, ओल कुठे? मी चुन्याने पांढरा झालेला हात झडपेच्या आत नेऊन मातीवर थोपटला. म्हटलं, इथे, तिथे, सगळीकडे. माळी आत गेला. दोन ठिकाणी खणलं. तिसऱ्या ठिकाणी खणलं. बाहेर येऊन म्हणाला, काही नाही, नुसती भिजकी माती.

मी म्हटलं, तीच तर ओल.

मग पायरीवर बसलेली वृंदा हसायला लागली. इतकी हसली की तिला उचकी लागली. "बाबा, ओल माने सुरण," ती म्हणाली.

जावई सुरणासाठी आणलेली रिकामी टोपली हातात धरून उभे. घशाची खवखव, चिंच-लिंबू, निम्मी तुमची निम्मी माझी, सगळं एकामागून एक डोळ्यांपुढून गेलं. वृंदाने आपल्या बंगालीत त्यांना समजावलं. यामिनीबाबू म्हणाले, "ओ, ड्याम्प!" इतकंच. हा शब्द मला येत होता. तीन वर्षं रोज ऑफिसात लिहितो.

मग मला वरचा मजला आठवला. पहिल्यांदाच मी वृंदाला म्हटलं, तू विचार त्यांना, मजला दिला का, कुणाला? तिने विचारलंच नाही. आईकडे पाहिलं. यामिनीबाबूंनीही नलिनीकडेच पाहिलं.

ती वीस ऑगस्टलाच वृंदाला घेऊन त्यांच्याकडे जाऊन आली होती. 'उनी' म्हणजे ती. यामिनीबाबूंची समजूत अशी की बायको हवेसाठी वर जाते आहे आणि नवरा सुरणाची राखण करायला खाली राहतो आहे. त्यांच्या लेखी मी माणूस तऱ्हेवाईक, पण बागायतीचं प्रेम दांडगं.

सगळे गेल्यावर मी विचारलं, मला का सांगितलं नाहीस? ती पायरीवर बसली. थोडा वेळ नुसता श्वास घेतला.

"तुमच्यावर विश्वास नव्हता असं नाही," ती म्हणाली. "पण श्वास पुरत नव्हता हो."

फार लाज वाटली. दुपारी छिन्नी घेऊन बाराही भोकं मोकळी केली. डांबर चांगलं बसलं होतं, हे नमूद करतो.

गुरुवार, १ ऑक्टोबर
नलिनी आणि वृंदा सामानासह वर. मी चार-पाच दिवस खालीच. निरीक्षणासाठी. भोकं उघडल्यावर काय फरक पडतो त्याची नोंद कुणीतरी ठेवायला हवी. काम अर्धवट टाकून पळून गेलो असं कुणी म्हणायला नको. अर्थात कुणी म्हणत नाही.

शनिवार, ३ ऑक्टोबर
वरून पावलांचा आवाज येतो. भांड्यांचा येतो. वृंदा धावते तो येतो. खोकल्याचा येत नाही. बराच वेळ कान देऊन उभा होतो.

संध्याकाळी यामिनीबाबूंनी बाजारातून सुरण आणवून मोहरीतलं कालवण पाठवलं, बरोबर लिंबाची फोड. निम्मं आम्हाला, निम्मं त्यांना. शब्दाचा पक्का माणूस. लिंबाची गरज नाही म्हणून मी तसंच खाल्लं.

रविवार, ४ ऑक्टोबर
खोकला. माझा. सुरणाचा आहे, ओलीचा नाही.

दुपारी वृंदा जिन्यावरून ओरडली, आई विचारते, ताट खाली पाठवू की वर येताय? वर गेलो. फक्त जेवायला. पायऱ्या एकोणीस. मध्ये एकदा थांबलो, जिना नीट बघायला.

पानात डावीकडे मीठ वाढलेलं. चिमटीत धरलं तर बोटांमधून सुटं सांडलं. कोरडं ठणठणीत. सहा आठवड्यांत असं मीठ पाहिलं नव्हतं. पुन्हा चिमूट घेतली, पुन्हा सांडलं.

नलिनीने विचारलं, आमटीला मीठ कमी पडलंय का? सबंध वाक्य, मध्ये एकदाही न थांबता. मी हो म्हणालो. कमी पडलं नव्हतं. तिच्यादेखत आमटीत मीठ घातलं.

खारट आमटी सगळी संपवली. मग खाली जाऊन गादी वर आणली.